रंगीत तालीम आणि प्रिव्ह्यू, गल्लत करू नका

गणपती जवळ आले की आमच्या रत्नागिरीकडे वाडीवाडीत तालमी सुरू होतात, आणि हल्ली कोणीतरी सांगतंच की "काल आमचा प्रिव्ह्यू झाला". काय केलंत विचारलं तर कळतं की कपडे, मेकअप, लाइट सगळं लावून नाटक सलग केलं, समोर घरातलीच दहा माणसं. अहो, ती रंगीत तालीम झाली. दोन्हीत अख्खं नाटक होतं म्हणून गल्लत होते, पण संगीत नाटकवाल्यांनी ती केली तर नाटक सुधारायची संधीच हातची जाते.

रंगीत तालमीत आपण स्वतःला तपासतो. एंट्री वेळेवर पडते का, पेटी नटाच्या पट्टीत आहे का, शालू नेसायला किती वेळ लागतो, आणि चुकलं तर थांबून परत घेता येतं. प्रिव्ह्यूत समोर तिकीट काढून आलेली अनोळखी माणसं असतात, थांबता येत नाही, आणि तपासायचं असतं ते लिहिलेलं नाटक. ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या मोठ्या व्यावसायिक थिएटरांत, हे काही आठवडे चालतं, रात्री प्रयोग, दुसऱ्या दिवशी दुपारी बदलांची तालीम, संध्याकाळी तेच बदल घालून परत प्रयोग. मग समीक्षक यायच्या आधी नाटक फ्रीझ करतात, त्यानंतर बदल बंद.

कधीकधी दोष भलत्याच जागी सापडतो. 'अ फनी थिंग हॅपन्ड ऑन द वे टू द फोरम' हे विनोदी संगीत नाटक १९६२ साली ब्रॉडवेला यायच्या आधी वॉशिंग्टनला चाललं होतं आणि लोक हसतच नव्हते. दिग्दर्शक जेरोम रॉबिन्स मदतीला आले, त्यांनी सांगितलं की सुरुवातीचं गाणं हळुवार आहे, पुढे धमाल फार्स आहे हे लोकांना कळतच नाही. नाटकाचे गीतकार-संगीतकार स्टीफन सॉन्डहाइमनी नवीन गाणं लिहिलं आणि लोक पहिल्यापासून हसायला लागले. हे तालमीत कळलंच नसतं, कारण फार्स आहे हे तिथे सगळ्यांना माहीतच असतं!

आमचंही तेच झालं. दुसऱ्या अंकात नायिकेचं तीन अंतऱ्यांचं पद होतं, रंगीत तालमीत सगळे वा वा. मग शेजारच्या गावात देवळाच्या सभामंडपात तिकीट लावून दोन प्रयोग केले. मी मुद्दाम मागे खांबाला टेकून उभा, दुसऱ्या अंतऱ्याला खुर्च्या वाजायला लागल्या, तिसऱ्याला पोरं उठून बाहेर. प्रयोग संपल्यावर एक आजी म्हणाल्या, "गळा गोड आहे हो पोरीचा, पण ती रागावल्ये की रडत्ये ते काय कळलं नाय." म्हणजे गाण्यात खोट नव्हतीच, आधीचं भांडण आम्ही दोन वाक्यांत उरकलं होतं. भांडण वाढवलं, पद एका अंतऱ्यावर आणलं.

दुसऱ्या रात्री पद मस्त रंगलं, पण संपल्यावर नायक येईचना, कारण त्या कापलेल्या दोन अंतऱ्यांत तो आत पंचा सोडून अंगरखा-पगडी चढवत असायचा आणि हे कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं. रंगमंच रिकामा, पेटीवाले काका बिचारे सूर धरून बसलेले. मग दासीचा एक छोटा प्रवेश तिथे सरकवला. संगीत नाटकात एक कडवं काढलं की कपडे, लाइट, तबलजीचा हात, सगळं हलतं. (सिंधुदुर्गात दशावतारी मंडळी संवाद रोज नव्याने बोलतात, पण आमच्याकडे पेटी-तबला आणि लाइट ठरलेल्या वाक्यावर अडकलेले असतात.)

म्हणून एका रात्रीत दोनपेक्षा जास्त बदल घालू नका, नाहीतर कशाने फरक पडला ते कळत नाही आणि नटांचं पाठांतर ढासळतं. बदल प्रॉम्प्टरच्या वहीत तारीख घालून लिहा, पेटी-तबलेवाल्यांना दुपारीच बोलवा. आम्ही शुभारंभाच्या तीन दिवस आधी वही बंद केली, मग मी सुचवलेला बदलसुद्धा घेतला नाही.