दंतरोपणाची द्रव्ये आणि जखम भरणे

पडलेल्या दाताच्या मुळाच्या जागी जबड्याच्या हाडात बसवायचा खुंट म्हणजे दंतरोपण. रुग्णांच्या तोंडी ‘स्क्रू’. तो मुख्यतः टायटॅनियमचा किंवा झिर्कोनिया या पांढऱ्या सिरॅमिकचा असतो.

टायटॅनियमचा गुण अपघातानेच कळला. १९५२ मध्ये स्वीडनचे संशोधक पेर-इंग्वार ब्रोनेमार्क यांनी सशाच्या हाडात बसवलेले टायटॅनियमचे उपकरण प्रयोग संपल्यावर निघेचना. हाड धातूला धरून वाढले होते. माणसात पहिले रोपण १९६५ मध्ये झाले. हवा लागताच टायटॅनियमवर ऑक्साइडचा अतिपातळ थर चढतो; शरीराचा संबंध येतो तो या थराशी, उघड्या धातूशी नव्हे.

स्क्रू पहिल्या दिवशी घट्ट वाटतो तो केवळ आवळल्यामुळे. पुढे कडेचे जुने हाड झिजते, नवे अजून कच्चे असते; म्हणून साधारण दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात पकड उलट कमी होते. या काळात खुंट १०० ते १५० मायक्रॉनहून (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) अधिक हलत राहिला, तर हाडाऐवजी तंतुमय ऊती तयार होण्याचा धोका असतो. झिर्कोनियाची अडचण नेमकी इथे आहे. त्याचे बरेच खुंट अखंड असतात, डोके हिरडीबाहेर राहते आणि जीभ, घास यांचा धक्का लागतो. दोन भागांचा टायटॅनियम खुंट मात्र हिरडीखाली झाकून ठेवता येतो. नाशिककरांनी या दिवसांत मिसळीचा रस्सा निवल्यावर घ्यावा. फरसाण आणि चिवडा लांबच बरे.

हाड धरण्यात मात्र खडबडीत पृष्ठभागाचा झिर्कोनिया टायटॅनियमच्या जवळपास येतो. त्यावर जिवाणूंचा थर कमी साचतो आणि पातळ हिरडीतून करडी छटा दिसत नाही. बारीक खुंट तुटण्याची भीती मात्र असते, आणि दीर्घकाळचा अनुभव टायटॅनियमच्याच गाठीशी जास्त आहे. खरा फरक पाडला तो द्रव्यापेक्षा पृष्ठभागाने. गुळगुळीत टायटॅनियमला हाड धरायला खालच्या जबड्यात सुमारे ३ आणि वरच्या, मऊ हाडात ६ महिने देत. वाळूचा मारा करून आम्लाने खरवडलेल्या खुंटावर हाड चांगले असेल तर ६ ते ८ आठवड्यांतही दात चढवता येतो.

दंतवैद्यकाचे शिक्षण नाशिकमध्येच पंचवटीतील दंत महाविद्यालयात मिळते. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालयही याच शहरात आहे. रुग्ण विचारतो ‘कोणता स्क्रू?’, डॉक्टर आधी विचारतात रक्तातली साखर आणि तंबाखूबद्दल. विडी उद्योगाचे सिन्नर याच जिल्ह्यातले, आणि धूम्रपानाने हिरडीचा रक्तपुरवठा घटतो तो खुंट कोणताही असो.