‘पॅरिस, ज तेम’ : समीक्षकांचा प्रतिसाद

‘पॅरिस, ज तेम’ (अर्थ : ‘पॅरिस, माझं तुझ्यावर प्रेम आहे’) हा 2006 सालचा फ्रेंच अँथॉलॉजी चित्रपट. दोन तासांत अठरा लघुपट. प्रत्येक गोष्ट पॅरिसच्या एका भागात घडते, प्रत्येकीचा दिग्दर्शक वेगळा आहे आणि विषय मात्र एकच, प्रेम. एमान्युएल बेन्बिही आणि क्लोदी ओसार हे निर्माते. मे 2006 मध्ये कान महोत्सवातल्या ‘अँ सर्तँ रगार’ विभागाची सुरुवात या चित्रपटाने झाली. जूनमध्ये तो फ्रान्सच्या चित्रपटगृहांत लागला आणि मे 2007 मध्ये अमेरिकेत. समीक्षकांनी त्याचे एकंदरीत चांगले स्वागत केले. त्यांचे एकमत झाले ते मात्र दोनच गोष्टींवर : चित्रपट विषम आहे, आणि शेवटचा लघुपट सर्वांत सरस आहे.

हा प्रकार नवा नव्हता. 1965 मध्ये ‘पारी व्यू पार’ या चित्रपटात गोदार, रोमेर, शाब्रोल, रूश, दूशे आणि पोले या सहा दिग्दर्शकांनी पॅरिसचा एकेक भाग वाटून घेतला होता. त्याचा निर्माता होता तरुण बार्बे श्रोडर. चाळीस वर्षांनी तोच श्रोडर ‘पॅरिस, ज तेम’मध्ये केसांची प्रसाधने विकणारा फिरता विक्रेता होऊन पडद्यावर येतो. जुना चित्रपट माहीत असलेल्यांना ही भेट सुखावून गेली, आणि तुलनाही ओघाने आलीच. ‘पारी व्यू पार’मध्ये सहाच गोष्टी असल्याने प्रत्येकीला पसरायला जागा होती. इथे एका गोष्टीच्या वाट्याला पाच-सहा मिनिटे येतात. तेवढ्यात काय मावते आणि काय नाही, हाच पुढच्या बहुतेक परीक्षणांचा मुद्दा ठरला.

क्रमवारी लावण्याची सवय

दिवाळी अंक वाचून संपला की आपण अनुक्रमणिकेवर खुणा करतो : ही कथा जमली, ही नाही. ‘पॅरिस, ज तेम’ची परीक्षणे थेट अशीच लिहिली गेली. आवडलेले चार-पाच लघुपट, नावडलेले दोन-तीन आणि उरलेल्यांवर एक ओळ. परीक्षणे एकत्र करणाऱ्या संकेतस्थळांवर याचा परिणाम स्पष्ट दिसतो. रॉटन टोमॅटोजवर अनुकूल परीक्षणांचे प्रमाण 80 टक्क्यांच्या वर आहे, तर मेटाक्रिटिकवर गुण 100 पैकी 60 ते 70 च्या दरम्यान. यात विसंगती काहीच नाही. पहिल्या ठिकाणी फक्त ‘आवडला की नाही’ एवढे मोजतात आणि दुसऱ्या ठिकाणी ‘किती आवडला’ याची सरासरी काढतात. बहुतेकांना चित्रपट आवडला, पण फार थोड्यांना तो थोर वाटला. अठरा तुकड्यांच्या चित्रपटाच्या वाट्याला दुसरे काही येणे अवघडच.

या यादीपद्धतीमुळे एक मोठी गोष्ट निसटली, ती म्हणजे लघुपटांचा क्रम. पॅरिसचे वीस आरोंदिस्माँ, म्हणजे प्रशासकीय विभाग, गोगलगाईच्या शंखासारखे मध्यापासून बाहेर वळत जातात. मूळ कल्पना वीस विभाग, वीस लघुपट अशी होती. अकराव्या आणि पंधराव्या विभागाचे लघुपट अंतिम चित्रपटात बसेनात म्हणून गाळले गेले आणि अठरा उरले. त्यांची मांडणीही विभागांच्या आकड्यांप्रमाणे नाही. सुरुवात अठराव्या विभागातल्या माँमार्त्रपासून होते आणि शेवट चौदाव्यात. म्हणजे कोणती गोष्ट कुठे ठेवायची हे कोणीतरी विचार करून ठरवले होते. त्यातही शेवटी काय ठेवायचे, या एका निर्णयाने चित्रपटाला जेवढा हात दिला तेवढा दुसऱ्या कशानेच दिला नसेल.

‘चौदावा आरोंदिस्माँ’

अलेक्झांडर पेनच्या या लघुपटात डेन्व्हर शहरातली कॅरल नावाची टपाल वाटणारी मध्यमवयीन बाई एकटीच पॅरिसला येते. ती फ्रेंच शिकते आहे. सहलीवर लिहिलेला निबंध तिच्याच आवाजात, अगदी ठसठशीत अमेरिकी उच्चारांत आपल्याला ऐकू येतो. मार्गो मार्टिनडेलने ही भूमिका केली आहे. माँपार्नासच्या दफनभूमीत सार्त्र आणि सिमोन द बोव्हार या फ्रेंच लेखक-तत्त्वज्ञांच्या थडग्यासमोर ती सिमोनचे नाव ‘सिमोन बोलिव्हार’ असे, म्हणजे दक्षिण अमेरिकेच्या स्वातंत्र्यसेनानीचे, घेते. प्रेक्षक हसतो. मग ती एका बागेतल्या बाकावर सँडविच खात बसते. आजूबाजूला मुले खेळतात, माणसे गवतावर पहुडलेली असतात. घडत काहीच नाही, आणि तिच्या मनात एकाच वेळी आनंद आणि दुःख दाटून येते. त्या क्षणी आपण पॅरिसच्या प्रेमात पडलो आणि पॅरिस आपल्या, असे ती सांगते.

पेन आपल्या पात्रांकडे वरून बघतो, असा आक्षेप त्याच्यावर आधीपासून घेतला जात असे. इथेही पहिली काही मिनिटे तीच शंका येते. पण ज्या बोबड्या फ्रेंचला आपण हसलो, तिच्यातच शेवटची वाक्ये येतात, आणि ती भाषा तेवढीच असल्यामुळे सजवायला वावच नसतो. ‘पॅरिस, माझं तुझ्यावर प्रेम आहे’ हे शीर्षक अठरा गोष्टींपैकी खऱ्या अर्थाने फक्त इथे उच्चारले जाते, शहराला उद्देशून. चित्रपट उद्या विसरला गेला तरी हे बाक राहील.

प्रणयापलीकडचे प्रेम

समीक्षकांच्या आवडत्या लघुपटांची नावे शेजारी ठेवली की लक्षात येते, त्यांतल्या फारच थोड्यांत रूढ अर्थाने प्रेमकथा आहे. वॉल्टर सालेस आणि दानिएला तोमास यांच्या ‘सोळाव्यापासून दूर’मध्ये कॅटालिना सँडिनो मोरेनो एका तरुण आईच्या भूमिकेत आहे. पहाटे अंधारात ती आपले बाळ पाळणाघरात ठेवते. ते रडू लागते, तेव्हा हाताची बोटे हलवत त्याला स्पॅनिश अंगाईगीत म्हणून दाखवते. मग गाडी, पुन्हा गाडी, जिने, बोगदे, आणि अखेर सोळाव्या विभागातले श्रीमंत घर. मालकीण पडद्यावर दिसतही नाही. आज यायला तासभर उशीर होईल, एवढे बाहेरूनच सांगून ती जाते. मग त्या घरातले बाळ रडते आणि ही तेच गाणे म्हणते, नजर मात्र खिडकीबाहेर. पाच मिनिटांच्या या लघुपटात संवाद जवळपास नाहीत. माझ्या मते संपूर्ण चित्रपटात याच्याइतके चोख काम दुसरे नाही.

ऑलिव्हर श्मिट्झच्या ‘प्लास दे फेत’मध्ये भोसकला गेलेला एक नायजेरियन माणूस चौकात पडलेला असतो आणि उपचाराला आलेल्या तरुणीला तो कॉफी प्यायला बोलावतो. तो असे का करतो हे हळूहळू उलगडते, आणि दोन पेले घेऊन कोणीतरी पोचते तेव्हा उशीर झालेला असतो. तिच्या थरथरत्या हातांतले ते पेले विसरता येत नाहीत. इझाबेल कोइशेतच्या ‘बास्तीय’मध्ये बायकोला सोडायच्या बेताने आलेल्या नवऱ्याला तिच्या असाध्य आजाराची बातमी कळते. तो प्रेमात असल्यासारखा वागू लागतो आणि वागता वागता खरेच प्रेमात पडतो. जीना रोलंड्सने लिहिलेल्या ‘लॅटिन क्वार्टर’मध्ये ती स्वतः आणि बेन गझारा घटस्फोटाच्या उंबरठ्यावरचे वृद्ध जोडपे झाले आहेत. या दोघांची जुनी कामे आठवणाऱ्या समीक्षकांना त्यांना पुन्हा समोरासमोर बसलेले पाहणेच पुरेसे होते.

विनोदी लघुपटांत कोएन बंधूंचा ‘त्युइलरी’ आघाडीवर राहिला. मेट्रो स्थानकावर बसलेला पर्यटक स्टीव्ह बुसेमी एक शब्दही बोलत नाही. कोणाच्या डोळ्यांत बघू नये असा सल्ला मार्गदर्शक पुस्तकात असतो आणि तो नेमके तेच करून बसतो. आल्फोन्सो क्वारोनच्या एकाच सलग चित्रणातल्या ‘पार्क माँसो’कडे मात्र गोष्टीपेक्षा तंत्रासाठी पाहिले गेले. त्याच वर्षी लांबलचक सलग दृश्यांसाठी गाजलेला त्याचा ‘चिल्ड्रन ऑफ मेन’ आला होता, त्यामुळे ते स्वाभाविकच होते.

कोणाचे पॅरिस?

‘पर्यटकांचे पोस्टकार्ड’ हा चित्रपटावरचा नेहमीचा आरोप. त्यात तथ्य आहे. फ्रेंच दिग्दर्शक मोजकेच आहेत, पोदालिदेस, आसायास, शोमे, ओब्युर्तँ आणि देपार्द्यू. परक्या दिग्दर्शकांच्या कितीतरी गोष्टींचे नायकही परकेच आहेत. सिल्व्हाँ शोमेने आयफेल टॉवरखाली मूकाभिनय करणारे कलाकार आणले तेव्हा काहींना ते गोड वाटले, तर काहींना पोस्टकार्डाचा कळस.

याहून गंभीर प्रश्न शहराच्या हद्दीचा होता. 2005 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पॅरिसबाहेरच्या उपनगरांत दंगली पेटल्या आणि आणीबाणी जाहीर झाली. त्यानंतर सहाच महिन्यांनी कानला दाखवलेल्या या चित्रपटाची चौकट वीस विभागांची, म्हणजे शहराभोवतीच्या वळणरस्त्याच्या आतल्या पॅरिसची होती. उपनगरे मुळातच बाहेर. म्हणून ‘सोळाव्यापासून दूर’ या शीर्षकाला वजन येते. ते आपली जागा अंतराने सांगते, आणि सुरुवात होते ती उंच इमारतींच्या गरीब वस्तीतून. गुरिंदर चढ्ढाच्या ‘के द सेन’मधली हिजाब घालणारी झर्का आणि तिच्याशी बोलू पाहणारा फ्रेंच मुलगा हेही याच वादाच्या जवळ येतात. सरकारी शाळांत ठळक धार्मिक चिन्हांना बंदी घालणारा कायदा 2004 मध्येच झाला होता. चढ्ढाचा लघुपट मवाळ आहे, मुलीचे आजोबाही प्रेमळ निघतात. पण हिजाबात आपल्याला बरे वाटते असे ती मुलगी स्वतः सांगते, आणि त्या काळच्या फ्रान्समध्ये हे वाक्य पडद्यावर येणे लहान गोष्ट नव्हती.

फसलेले

नापसंतीच्या यादीत ख्रिस्तोफर डॉयलचा ‘पोर्त द श्वाझी’ वारंवार तळाशी दिसतो. छायालेखक म्हणून थोर असलेल्या डॉयलच्या हातून गोष्टच सुटली, अशी तक्रार होती. विन्चेन्झो नताली यांची रक्तपिपासू सुंदरी आणि वेस क्रेव्हनच्या ‘पेर लाशेझ’मधला ऑस्कर वाइल्ड (ही भूमिका स्वतः पेनने केली आहे) यांबाबत मते दुभंगली. टॉम टिक्वरचा लघुपट तर काही वर्षे आधीच ‘ट्रू’ या नावाने तयार होता. त्यातला वेग आणि नताली पोर्टमन यांचे कौतुक झाले.

पुढची शहरे

या यशानंतर बेन्बिहीने शहरांची मालिकाच सुरू केली. ‘न्यू यॉर्क, आय लव्ह यू’ 2008 मध्ये टोरांटो महोत्सवात दाखवला गेला आणि 2009 मध्ये प्रदर्शित झाला. मीरा नायरच्या लघुपटातले इरफान खान आणि नताली पोर्टमन यांचे हिऱ्यांच्या सौद्यावरचे बोलणे काहींना भावले, पण एकूण प्रतिसाद थंड होता. रॉटन टोमॅटोजवर निम्मीही परीक्षणे अनुकूल नाहीत. इथे लघुपटांना शीर्षके नव्हती, गोष्टी एकमेकींत मिसळत जात होत्या. पॅरिसच्या चित्रपटात शीर्षकाची जी पाटी दर पाच मिनिटांनी ‘आता इथे’ असे सांगायची, ती गेल्यावर शहरच धूसर झाले. स्कार्लेट जोहान्सन आणि आंद्रेई झ्व्यागिन्त्सेव यांचे लघुपट तर अंतिम प्रतीतून वगळले गेले. 2014 मध्ये रिओ आले. 2019 मध्ये आलेल्या बर्लिनला समीक्षकांनी झोडपूनच काढले. चीनमधून बाहेर पडायला बंदी असताना चिनी कलावंत आय वेवेने दूरवरून दिग्दर्शित केलेला, बर्लिनमध्ये राहणाऱ्या आपल्या लहान मुलाला घेऊन केलेला लघुपट त्यातून कापला गेला होता. त्यामागे राजकीय दडपण असल्याचे त्याने जाहीरपणे सांगितले.