सैतान व आध्यात्मिक युद्ध (बायबलमधील संकल्पना)

ख्रिस्ती श्रद्धेनुसार देवाच्या संकल्पाला विरोध करणारी, मानवाला पापाकडे ओढणारी व्यक्तिरूप दुष्ट शक्ती म्हणजे सैतान. त्याच्याशी व त्याच्या अधीन असलेल्या दुरात्म्यांशी श्रद्धावंताचा जो संघर्ष चालतो, त्यास आध्यात्मिक युद्ध म्हणतात. मराठीतील ‘सैतान’ हा शब्द अरबी-फार्सीतून आला असून त्याचे मूळ हिब्रू ‘सातान’ या शब्दाशी निगडित आहे.

हिब्रू बायबलमध्ये (ख्रिस्ती बायबलमधील जुना करार) हा शब्द प्रथम सामान्यनाम म्हणून येतो व त्याचा अर्थ ‘विरोधक’ किंवा ‘आरोप करणारा’ असा होतो. बलामाची वाट अडवणारा परमेश्वराचा दूतच तेथे ‘सातान’ म्हटला आहे (गणना 22:22), तर शलमोनाविरुद्ध उठलेल्या अदोमी हदादालाही हाच शब्द लावला आहे (1 राजे 11:14). ईयोबाच्या पुस्तकात व जखऱ्याच्या तिसऱ्या अध्यायात मात्र शब्दाआधी निश्चिततादर्शक उपपद (इंग्रजीतील ‘द’सारखे) आहे. त्यामुळे तेथे विशेषनामाऐवजी देवाच्या दरबारातील एका पदाचा, न्यायसभेतील आरोपकर्त्याचा, निर्देश असावा, असे बहुतेक अभ्यासक मानतात. जखऱ्याचे दृष्टान्त इ. स. पू. 519च्या सुमाराचे आहेत. ईयोबाचा काळ अधिक अनिश्चित असून तो सामान्यतः इ. स. पू. सहावे ते चौथे शतक असा सांगितला जातो.

वादाचे मुख्य स्थळ 1 इतिहास 21:1 हे आहे. दाविद राजाने केलेल्या व पाप ठरलेल्या शिरगणतीची हीच कथा 2 शमुवेल 24:1 मध्येही आहे व तेथे दाविदाला प्रवृत्त करतो तो परमेश्वराचा कोप. नंतर रचलेल्या इतिहासग्रंथात त्या जागी ‘सातान’ येतो, तोही उपपदाशिवाय. हे विशेषनाम झाल्याचे पहिले उदाहरण, असे मत दीर्घकाळ रूढ होते. काहींच्या मते येथेही ‘कोणी एक शत्रू’ एवढाच अर्थ पुरेसा आहे. कोणताही अर्थ घेतला तरी मोहात पाडण्याची कृती थेट देवाच्या नावे लिहिणे उत्तरकालीन लेखकाला अवघड वाटले, हे या फरकातून दिसते. या बदलामागे इराणी द्वैतवादाचा (चांगली व वाईट अशा दोन परस्परविरोधी शक्ती मानणाऱ्या मताचा) प्रभाव असल्याचे मत मांडले जाते. तो प्रभाव सर्वस्वी नाकारता येत नसला, तरी संकल्पनेची अंतर्गत वाढ हेच अधिक समाधानकारक स्पष्टीकरण वाटते. कारण बायबलमधील सैतान देवाच्या बरोबरीचा दुसरा ईश्वर कोठेच होत नाही. ईयोबाला छळण्यासही त्याला परवानगी घ्यावी लागते.

देवदूतांच्या पतनाची कथा हिब्रू बायबलमध्ये सलगपणे सांगितलेली नाही. यशया 14:12 मधील ‘प्रभातपुत्र’ हे वर्णन मूळ संदर्भात बाबेलच्या राजाचे आहे. लॅटिन भाषांतरात तेथे ‘लुसिफर’, म्हणजे प्रकाश आणणारा पहाटेचा तारा, हा शब्द आला व पुढे तो सैतानाचे नाव बनला. त्याच भाषांतरात 2 पेत्र 1:19 येथे हाच शब्द श्रद्धावंतांच्या हृदयात उगवणाऱ्या ताऱ्यासाठी आहे. दुरात्म्यांची उत्पत्ती सांगणारी परंपरा हनोखाच्या पहिल्या पुस्तकात, म्हणजे हिब्रू बायबलबाहेरील एका प्राचीन यहुदी ग्रंथात, विस्ताराने आढळते. त्यातील सर्वांत जुना भाग बहुधा इ. स. पू. तिसऱ्या शतकातला आहे. त्यानुसार 200 दूत हर्मोन पर्वतावर उतरले, मानवी स्त्रियांपासून त्यांना महाकाय संतती झाली आणि त्या महाकायांच्या मृत्यूनंतर उरलेले आत्मे म्हणजेच दुष्ट आत्मे होत. मृत समुद्राकाठच्या कुमरान येथे सापडलेल्या प्राचीन यहुदी हस्तलिखितांपैकी युद्धविषयक गुंडाळीत ‘प्रकाशाचे पुत्र’ व ‘अंधाराचे पुत्र’ यांचा अंतिम संग्राम वर्णिला आहे.

नव्या करारात सैतान ‘ह्या जगाचा अधिकारी’ आहे (योहान 12:31) आणि येशूने भुते काढणे ही त्याच्या सत्तेवरील चढाई आहे. पौलाच्या नावावरील इफिसकरांस पत्राच्या लेखकत्वाविषयी मतभेद आहेत. त्यातील 6:10-17 हा उतारा मात्र या विषयाचा कणा आहे. कमरपट्टा, उरस्त्राण, पादत्राणे, ढाल, शिरस्त्राण व तलवार अशी साधने तेथे सांगितली आहेत. ढालीसाठी योजलेला ग्रीक शब्द ‘दार’ या अर्थाच्या शब्दावरून आला असून, अंग झाकणारी रोमी सैनिकाची मोठी ढाल त्यातून सूचित होते. उरस्त्राण व शिरस्त्राण यशया 59:17 मध्ये स्वतः परमेश्वर धारण करतो. येथे तीच त्याच्या लोकांना दिली आहेत. 11 ते 14 या चार वचनांत ‘उभे राहणे’ या क्रियापदाची रूपे चार वेळा येतात. चढाई करून भूमी जिंकण्याची आज्ञा येथे नाही. क्रुसावर मिळालेला विजय (कलस्सै 2:15) राखून ठाम उभे राहायचे आहे. हे युद्ध ‘रक्तमांसाबरोबर’ नाही, हेही पत्र स्पष्ट सांगते, आणि माणसांना सैतानाचे हस्तक ठरवण्याच्या प्रवृत्तीला हे वचनच सर्वांत मोठा अटकाव आहे.

सैतान व दुरात्मे स्वभावतः चांगले निर्माण झाले आणि स्वतःच्या कृतीने दुष्ट बनले, असे रोममधील चौथ्या लॅटरन परिषदेने (1215), म्हणजे चर्चच्या धर्मसभेने, जाहीर केले. उपासनेत ही संकल्पना बाप्तिस्म्याशी जोडलेली आहे. जेरुसलेमचे बिशप सिरिल यांच्या नावावरील चौथ्या शतकातील प्रवचनांत बाप्तिस्मार्थी पश्चिमेकडे, म्हणजे अंधाराच्या दिशेकडे, तोंड करून हात पुढे करतो, सैतानाचा त्याग उच्चारतो व मग पूर्वेकडे वळतो, असे वर्णन आहे. कॅथलिक चर्चमध्ये ईस्टरच्या जागरणविधीत हा त्याग आजही प्रश्नोत्तररूपाने उच्चारला जातो. भूत काढण्याचा 1614चा रोमी विधी 1999 मध्ये सुधारण्यात आला. दानीएल 10 मधील ‘पारसाचा अधिपती’ या उल्लेखावरून प्रदेशागणिक दुरात्मे मानणारी व त्यांच्याविरुद्ध प्रार्थनेची मोहीम आखणारी विचारसरणी 1990 नंतर काही पेंटेकोस्टल व करिश्माई गटांत पसरली. तिला शास्त्राधार अपुरा आहे, अशी टीका इव्हँजेलिकल अभ्यासकांनीही केली.

मराठीत देवदूतांच्या पतनाची कथा फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ‘क्रिस्तपुराणा’त (1616) ओवीबद्ध रूपात आली. मराठी बायबलमध्ये ग्रीक ‘दियाबोलोस’ व ‘सातानास’ या दोन्ही शब्दांसाठी बहुधा ‘सैतान’ हा एकच शब्द वापरला जातो. गोव्यातील ख्रिस्ती कोकणीत मात्र ‘देवचार’ हा शब्द त्या अर्थाने रूढ आहे. तेथील हिंदू लोकश्रद्धेत देवचार हा गावाच्या सीमेचा राखणदार मानला जातो.