स्पेनची ऑनलाइन मास्टर्स अधिकृत आहे का? फी भरण्याआधी हे तपासा

'घरबसल्या स्पेनच्या विद्यापीठाची मास्टर्स' अशी जाहिरात दिसली की लोक विचारतात, हे खोटं तर नाही ना? बऱ्याचदा खोटं नसतंच. विद्यापीठ खरं, अभ्यासक्रम कायदेशीर, प्रमाणपत्रही मिळतं. फक्त ती सरकारमान्य पदवी नसते. फसगत होते ती इथे.

'मास्टेर उनिवेर्सितारियो' ही अधिकृत पदवी. तिच्या अभ्यासक्रमाची 'अनेका' (शिक्षणाचा दर्जा तपासणारी राष्ट्रीय संस्था) किंवा तिथल्या प्रांतिक संस्थेकडून छाननी होते, आणि प्रमाणपत्र राजाच्या नावाने रेक्टर, म्हणजे विद्यापीठाचे प्रमुख, देतात. दुसरी ती 'तीतुलो प्रोपियो', म्हणजे विद्यापीठाने स्वतःच्या अखत्यारीत दिलेली. २०२१ च्या ८२२ क्रमांकाच्या शाही आदेशानंतर या गटातल्या मास्टर्सला 'मास्टेर दे फोर्मासिओन पेर्मानेन्ते' म्हणतात. दोन्हींना ६०, ९० किंवा १२० क्रेडिट (अभ्यासाचा भार मोजायचं एकक) असतात, त्यामुळे क्रेडिट मोजून फरक कळत नाही. याशिवाय विद्यापीठच नसलेल्या संस्था आपल्या शिक्क्याने 'मास्टर' वाटतात, त्या वेगळ्याच.

ऑनलाइन असणं हा दोष नाही. उनेद हे दूरशिक्षणाचं सरकारी विद्यापीठ १९७२ पासून आहे, आणि अधिकृत मास्टर्स ऑनलाइन देणारी विद्यापीठं तिथे बरीच आहेत.

तपासणीसाठी स्पेनच्या विद्यापीठ मंत्रालयाचं आर-यू-सी-टी हे नोंदणीपुस्तक सगळ्यांना खुलं आहे. तिथे विद्यापीठाचं नाव टाकून थांबू नका, अभ्यासक्रमाचं नेमकं नाव शोधा. एकाच विद्यापीठात दोन्ही प्रकार शेजारी शेजारी चालतात. अधिकृत मास्टर्सला तिथे सांकेतिक क्रमांक असतो. तो प्रवेश विभागाकडे ईमेलने मागा. 'आमचं विद्यापीठ मान्यताप्राप्त आहे' एवढंच उत्तर आलं, तर क्रमांक नाही असंच समजा. तासांचा हिशोबही करून पाहा: एका क्रेडिटला २५ ते ३० तासांचा अभ्यास, म्हणजे ६० क्रेडिटना किमान १५०० तास. कुणी 'तीन महिन्यांत मास्टर्स' म्हणत असेल, तर नोकरी सांभाळून हे कसं बसवणार?

'अपोस्टिल (कागद परदेशात चालावा म्हणूनचा सरकारी दाखला) करून देतो' याला भुलू नका. अपोस्टिल फक्त सही-शिक्का खरा असल्याचं सांगतो. पदवीच्या दर्जाशी त्याचा संबंध नाही. नोटरीने साक्षांकित केलेल्या साध्या कागदावरही तो मिळतो.

अधिकृत मास्टर्सला पात्रता म्हणून, तुमच्या देशात मास्टर्सला प्रवेश मिळवून देणारी पदवी लागते. भारतीय पदवीची तिथे आधी 'होमोलोगासिओन', म्हणजे सरकारकडून मान्यता, करून घ्यायची गरज नसते. तिचा स्तर विद्यापीठच तपासतं. कागदपत्रं साधारण अशी: पासपोर्ट, पदवी प्रमाणपत्र आणि सर्व वर्षांच्या गुणपत्रिका (राज्य पातळीवर पडताळून परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल केलेल्या), मागितल्यास शपथबद्ध अनुवादकाचं स्पॅनिश भाषांतर, आणि शिकवण्याच्या भाषेचा दाखला. महाराष्ट्रातल्या विद्यापीठांच्या कागदांना वेळ लागतो, ते काम आधी हाती घ्या.

पीएचडी करायची असेल तर अधिकृतच घ्या. 'प्रोपियो'च्या आधारे डॉक्टरेटचं दार आपोआप उघडत नाही. घरी बसून शिकण्यासाठी स्पेनचा विद्यार्थी व्हिसाही मिळत नाही.

भारतात प्राध्यापकी किंवा सरकारी नोकरीसाठी ही पदवी दाखवायची असेल तर पेच वाढतो. समकक्षतेचं, म्हणजे परदेशी पदवी इथल्या पदवीच्या बरोबरीची ठरवायचं काम पूर्वी एआययू (भारतीय विद्यापीठांचा संघ) करायची, २०२५ च्या नियमावलीने ते यूजीसीकडे (विद्यापीठ अनुदान आयोग) आलं. संस्था आपल्या देशात मान्यताप्राप्त असणं ही पहिली अट. पण पदवी स्पेनमध्ये अधिकृत असली तरी ऑनलाइन शिक्षणाला समकक्षता मिळेलच असं धरून चालू नका. फी भरण्याआधी यूजीसीला लेखी विचारा. एडटेक (ऑनलाइन शिक्षण विकणाऱ्या) कंपन्या परदेशी संस्थांशी हातमिळवणी करून ऑनलाइन पदव्या देतात, त्या मान्य नाहीत, हे यूजीसीने डिसेंबर २०२३ मध्येच जाहीर केलं आहे.

फक्त कौशल्य हवंय, कंपनीला सरकारी मान्यतेशी देणंघेणं नाही, तर चांगल्या विद्यापीठाची 'प्रोपियो' घ्यायला माझी हरकत नाही. फी मात्र त्याच हिशोबाने ठरवा, आणि बायोडेटात प्रमाणपत्रावर आहे तेच पूर्ण नाव लिहा.