बॉलकॉकला जे जमतं ते शहराला का जमत नाही

गच्चीवरच्या टाकीचं झाकण उघडून आत बघा कधीतरी. एक प्लास्टिकचा बॉल तरंगत असतो, त्याला दांडी, दांडीच्या टोकाला व्हॉल्व्ह. हाच बॉलकॉक. पाणी वर चढलं की बॉल वर जातो, दांडी फिरते, पाणी बंद. खाली गेलं की परत चालू. त्याला ना वायफाय लागत ना ॲप, आणि तरी स्मार्ट सिटी म्हणून जे काही विकलं जातं त्याचं सगळं सार या स्वस्तातल्या वस्तूत आहे असं माझं मत. म्हणजे मोजा, ठरवा, करा आणि मग परत मोजा. इंजिनियर लोक याला फीडबॅक लूप म्हणतात.

बॉलकॉकमध्ये ही तिन्ही कामं एकाच दांडीवर होतात. शहरात काय होतं, तर मोजणारा सेन्सर कंपनीचा, ठरवणारा साहेब वेगळ्या बिल्डिंगमध्ये, आणि प्रत्यक्ष चावी फिरवणारा व्हॉल्व्हमन तिसऱ्याच खात्याचा, शिवाय त्याचा फोन बिझी.

आता पाण्याचंच घ्या कारण त्यात विज्ञान खरंच मजेशीर आहे. मोठ्या पाइपलाइनवर हल्ली अल्ट्रासॉनिक मीटर बसवतात. त्यात फिरणारं चक्र वगैरे काही नसतं, दोन टोकांवरून आवाजाचे सूक्ष्म ठोके सोडतात, एक प्रवाहाच्या दिशेने आणि एक उलट. प्रवाहाबरोबर जाणारा ठोका जरा लवकर पोचतो, उलटा जाणारा जरा उशिरा, आणि या वेळेतल्या अगदी बारीकशा फरकावरून पाणी किती वेगाने वाहतंय ते कळतं. नदीत पोहणाऱ्याला लगेच समजेल हे.

पण मीटरपेक्षा भारी आयडिया आहे ती रात्रीच्या प्रवाहाची. शहराचे छोटे छोटे भाग पाडायचे, प्रत्येक भागात पाणी आत जातं तिथे एक मीटर, आणि रात्री दोन ते चारमध्ये त्याचा आकडा बघायचा. तेव्हा सगळे झोपलेले असतात, कोणी आंघोळ करत नाही की भांडी घासत नाही, म्हणजे प्रवाह जवळजवळ शून्यावर यायला हवा. तरी भरपूर पाणी जातच असेल तर ते एकतर गळतंय नाहीतर कोणीतरी टाक्या भरतंय. अर्थात ही युक्ती चोवीस तास पाणी असेल तरच नीट चालते. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी दिवसातून दोन तास पाणी, त्यामुळे पाणी आलं की सगळे एकदम पिंप भरायला धावतात आणि कालचं ‘शिळं’ पाणी ओतून देतात (आमच्या घरात अजूनही). आणि पाणी बंद झालं की पाइप रिकामा होतो, आतलं प्रेशर पडतं, मग बाजूच्या गटाराचं पाणी भेगेतून आत ओढलं जातं, पावसाळ्यात नळाला येतो तो गढूळ वासाचा पहिला लोंढा त्यातलाच.

उलट प्रेशर जास्त ठेवलं तर गळती वाढते. साध्या भोकाचं गणित असं की प्रेशर चौपट झालं की पाणी दुप्पट निघतं, आणि प्लास्टिकच्या पाइपला उभी चीर असेल तर प्रेशरने चीरच फाकते म्हणून त्याहूनही जास्त जातं. म्हणून रात्री प्रेशर थोडं उतरवलं तरी पुष्कळ पाणी वाचतं. पण उतरवायचं कोणी?

इथे खरी गोष्ट सुरू होते. केंद्र सरकारचं स्मार्ट सिटी मिशन २५ जून २०१५ ला सुरू झालं, शहरं १००, जानेवारी २०१६ च्या पहिल्या यादीत भुवनेश्वर पहिलं आणि पुणे दुसरं, सोलापूरही त्याच यादीत. केंद्राकडून प्रत्येक शहराला ५०० कोटींपर्यंत आणि तेवढेच राज्य आणि महापालिकेने घालायचे. पण काम महापालिकेने थेट करायचं नाही, त्यासाठी वेगळी कंपनी काढायची, ज्यात राज्य आणि महापालिका निम्मे निम्मे. कारण काय तर काम झटपट होईल. झालंही काही. कंट्रोल रूम तर सगळ्या शहरांत झाल्या, भिंतभर स्क्रीन वगैरे, आणि २०२० मध्ये कोविडच्या वॉर रूम म्हणून बऱ्याच ठिकाणी त्या खरंच उपयोगी पडल्या. पण रोजचं पाणी, गटार, कचरा हे महापालिकेच्या खात्यांकडेच राहिलं, म्हणजे डोळे कंपनीचे आणि हात पालिकेचे. त्यात पुण्यात मार्च २०२२ ला मुदत संपल्यावर काही वर्षं नगरसेवकच नव्हते, तक्रार करायची तर कोणाच्या दारात? ३१ मार्च २०२५ ला मिशनही संपलं.

ब्राझीलच्या रिओ शहराने २०१० च्या एप्रिलमध्ये पावसाने दरडी कोसळून माणसं गेल्यावर त्याच वर्षाच्या शेवटी एक कंट्रोल सेंटर उघडलं. फोटो सगळे स्क्रीनचेच छापून आले, पण मला महत्त्वाचं वाटतं ते हे की तिथे वेगवेगळ्या खात्यांची माणसं एकाच खोलीत बसवली. म्हणजे दांडी जोडली.

आणि रिओलाच कशाला जायचं, कराडला लागून असलेलं मलकापूर घ्या (बुलढाण्याचं नाही). या छोट्या गावाने स्मार्ट सिटी मिशन यायच्या काही वर्षं आधीच चोवीस तास पाणी सुरू केलं. घरोघरी मीटर, रीडिंग रेडिओ सिग्नलने, आणि दर टेलिस्कोपिक म्हणजे जास्त वापरलं की वरच्या युनिटला जास्त दर. चोवीस तास पाणी म्हटल्यावर लोक नासाडी करतील असं वाटतं ना, पण नळ कधीही उघडला की पाणी येणारच म्हटल्यावर पिंप भरून ठेवायचं कारणच उरत नाही आणि बिल युनिटवर येतं म्हटल्यावर गळका नळ त्याच दिवशी दुरुस्त होतो. मीटर, दर आणि वसुली एकाच नगरपंचायतीच्या हातात होती. मोठ्या शहरात ही यंत्रणा न्यायची तर मीटर विकत मिळतील, पण मीटर बसवायला आणि बिल लावायला तयार होणारं राजकारण कुठून आणायचं.

हे सगळं वाचल्यावर मी मागच्या महिन्यात पहाटे तीनला उठून आमच्या सोसायटीच्या मेन मीटरवर टॉर्च मारला. काटा फिरतच होता, मस्त निवांत. बायकोने वेड्यात काढलं, चेअरमन म्हणाले महापालिकेला कळवू, मी म्हटलं आधी आपलं बघू. दोन रविवार विंग विंग फिरलो तेव्हा सापडलं, तीन घरांचे फ्लश टँक रात्रभर गळत होते कारण आतला बॉल अडकला होता. त्यातलं एक घर आमचंच.