मघाचंच बोट की नवं?

शेजारच्या पोरांनी टॅबवर गोदावरीचा नकाशा उघडला होता. (आमच्या परभणीकडं तिला गंगाच म्हणतात.) थोरलीचं बोट पैठणच्या नाथसागरावर, भावाचं नांदेडवर. दोघांनी बोटं लांब सारली तसं मधलं गंगाखेड मोठं होत गेलं. "काका, कोणतं बोट कुणाचं हे याला कसं कळतं?" थोरलीनं विचारलं.

कुणाचं, हे त्याला कळतच नाही. मघाचंच बोट की नवं, एवढंच ते सांभाळतं. आणि खरी कसोटी तीच आहे.

काचेखाली पारदर्शक वाहक पट्ट्यांची उभी-आडवी जाळी असते. पट्ट्या एकमेकींना ओलांडतात तिथला थोडा विद्युतभार बोट जवळ येताच त्याच्याकडं वळतो. अनेक पडदे ही तपासणी सेकंदाला 60 ते 120 वेळा करतात. दरवेळी हाती लागतात ते नुसते ठिपके. आधीच्या ठिपक्यांशी जवळीक पाहून त्यांची ओळख जुळवावी लागते.

टॅब चालवणाऱ्या अँड्रॉइडच्या पोटात लिनक्स नावाचा गाभा आहे. त्यात बहुस्पर्शाची, म्हणजे एकाच वेळी अनेक बोटं ओळखण्याची, पद्धत 2009 मध्ये आली. पुढं तिच्यात 'स्लॉट' आले. स्लॉट म्हणजे वर्गातल्या बाकावरची जागा समजा. बोट टेकलं की त्या जागेला नवा हजेरी क्रमांक मिळतो, उचललं की तिथं उणे 1 लागतो. जे बोट हललं नाही, त्याची बातमी पुन्हा द्यावी लागत नाही. मला ही रचना फार देखणी वाटते.

लिनक्स संगणकांवर खिडक्या दाखवणाऱ्या आणि माऊसची बातमी प्रोग्रॅमना पोचवणाऱ्या एक्स विंडो प्रणालीला मात्र हे जड गेलं. ती 1984 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात जन्मली, तेव्हा माऊसचा बाण एकच असायचा. बहुस्पर्श तिच्यात मार्च 2012 मध्ये आला. पेच मालकीचा होता: स्पर्श कोणत्या प्रोग्रॅमचा? पहिलं बोट टेकलं. आता ते नकाशा मोठा करायला आलंय, की आणखी दोन बोटं येऊन अख्खी खिडकी सरकवणार? वाट पाहावी तर नकाशा रेंगाळतो. म्हणून बातमी मागेल त्या प्रत्येक दावेदार प्रोग्रॅमला लगेच मिळते, मालकी मात्र एकाकडंच राहते. त्यानं नाकारलं तर ती पुढच्याकडं जाते. स्वीकारलं तर बाकीच्यांपुरता तो स्पर्श तिथंच संपतो.

थोरलीला मी टॅबच्या सेटिंग्जमधल्या डेव्हलपर ऑप्शन्समधलं 'पॉइंटर लोकेशन' सुरू करून दिलं. त्यात प्रत्येक बोटामागं रेघ उमटते, वरच्या पट्टीत बोटांची संख्या दिसते. तिनं पाचही बोटं टेकवली आणि एकेक उचलत आकडा बघत बसली.