सेवाधर्म, ख्रिस्ती

ख्रिस्तावरील विश्वास रोजच्या साध्या परोपकारात उतरावा, ही धारणा व तीतून आलेले आचार. बायबलच्या नव्या करारात यासाठी येणाऱ्या ‘दियाकोनिया’ या ग्रीक शब्दाचे मराठी भाषांतर बहुधा ‘सेवा’ असे होते.

या शब्दाच्या व्युत्पत्तीबद्दल एकमत नाही. ‘धुळीतून जाणारा’ (दिया + कोनिस) ही फोड प्रवचनांत आवडीने सांगितली जाते. पण मूळ शब्दातील ‘आ’ दीर्घ असल्याने ती टिकत नाही. लगबगीने जाणे या अर्थाच्या धातूशी नाते जोडणारे मत अधिक सयुक्तिक दिसते. ताटे वाढणाऱ्याची नम्र सेवा हाच मूळ अर्थ, असे दीर्घकाळ मानले जाई; अभ्यासक जॉन एन. कॉलिन्स यांनी १९९० मध्ये निरोप्या वा मध्यस्थ हा अर्थ पुढे आणला. चांगल्या शोमरोन्याच्या, म्हणजे वाटेत जखमी पडलेल्या अनोळखी माणसाला मदत करणाऱ्याच्या, दाखल्यात मात्र (लूक १०) वेगळेच क्रियापद आहे. ते ‘आतडी’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आलेले असून मराठी ‘कळवळा’ आणि त्याहून ‘आतडे तुटणे’ त्याच्या जवळ जातात.

क्रियांवाचून विश्वास निर्जीव, असे नव्या करारातील याकोबाचे पत्र म्हणते. ते येशूच्या भावाचे मानल्यास इ. स. ६२ पूर्वीचे ठरते; अनेक अभ्यासक ते पहिल्या शतकाच्या अखेरीस ठेवतात. धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने १५२२ मध्ये त्याला गवती (हलक्या मोलाचे) पत्र म्हटले होते, तरी सत्कृत्ये हे विश्वासाचे फळ होय, हे त्यालाही मान्य होते.

कोल्हापुरात रॉयल वायल्डर हे अमेरिकन मिशनरी १८५२ मध्ये आले. शाळांवर किती भर द्यावा यावरून त्यांचे त्यांना पाठवणाऱ्या अमेरिकन बोर्ड या मिशन संस्थेशी बिनसले व पुढे काही वर्षे ते स्वतंत्रपणे काम करीत राहिले. १८७० मध्ये हे काम प्रेसबिटेरियन या प्रॉटेस्टंट पंथाच्या मिशन मंडळाकडे गेले. अक्षर शिकवणे ही सेवा की निव्वळ प्रचाराची पायरी, हा त्या वादाचा गाभा म्हणता येईल. वायल्डर मेमोरियल चर्च आणि मेरी वानलेस रुग्णालय ही नावे शहरात आजही रुळलेली आहेत.

घरगुती आचाराची नोंद संस्थांच्या इतिहासात फारशी येत नाही. नाताळच्या फराळाचे ताट, करंज्या-चिवड्यावर रुमाल झाकून, शेजारी जाते. ते सहसा रिकामे परत येत नाही. सीपीआर या कोल्हापुरातील सरकारी रुग्णालयात दाखल असलेल्या ओळखीच्याला डबा पोचतो. दुःखाच्या घरी पिठले-भाकरी नेण्याची रीत तर गल्लीतल्या सगळ्यांचीच. ख्रिस्ती घरे तिला उपासनेचा भाग मानत असली, तरी बोलताना तिला ‘शेजारधर्म’च म्हणतात.